चालता येत होतं, तरी गुडघा गेला होता: कबड्डीच्या मॅटवरच्या एका दुखापतीचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण एका विशिष्ट खेळाडूचं नाही. कबड्डीत गुडघ्याचं लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारा दोर, जसं फाटतं आणि त्यानंतर मैदानाच्या कडेला जे हमखास घडतं, त्यावरून ते बांधलेलं आहे. कबड्डी संघाबरोबर फिरणाऱ्यांना यातला प्रत्येक टप्पा ओळखीचा वाटेल.

घटना

जिल्हास्तरीय स्पर्धा, रात्रीचा सामना, मॅटचं मैदान. उत्तरार्धाचं अकरावं मिनिट, घड्याळात ७ वाजून ४० मिनिटं. १९ वर्षांचा, ७२ किलो वजनाचा चढाईपटू तिसऱ्या चढाईला गेला. आधीच्या दोन्ही चढाया रिकाम्या गेलेल्या, म्हणजे आता गुण आणायचा नाहीतर बाद व्हायचं. बोनस रेषेजवळ त्याने उजवा पाय टाकला आणि समोरच्या संघाच्या डाव्या कोपऱ्यातल्या बचावपटूने घोट्याला हात घातला. चढाईपटूने हिसडा मारून मध्यरेषेकडे अंग फिरवलं. कंबर वळली, मांडी वळली, पाऊल मात्र पकडीत आणि बुटाच्या रबरी तळव्यासकट मॅटला चिकटून राहिलं. गुडघा आतल्या बाजूला कलला. पकड सुटली, पण तो तिथेच बसला.

तोंडून निघालेले पहिले शब्द होते, "सर, आतून खट्ट झालं."

प्रशिक्षक आणि दोन राखीव खेळाडूंनी काखेत हात घालून त्याला बाहेर आणलं. थंड फवारा मारला, वेदनाशामक मलम चोळलं, वरून क्रेप बँडेज गुंडाळलं. पाचेक मिनिटांत कळ ओसरली. तो उठला, सरळ रेषेत चालला, जागच्या जागी दोन उड्या मारल्या. "लचक आहे रे, जमेल तुला," असं ठरलं आणि दुखापतीनंतर आठव्या मिनिटाला तो पुन्हा मॅटवर होता. पुढच्याच चढाईत उजव्या पायावर भार घेऊन वळताना गुडघा खालून निसटला. या वेळी कुणी हातही लावला नव्हता. खाली पडल्यावर पाय सरळ होईना, शेवटचे २०-३० अंश अडकलेले. एकाने टाच धरून ओढून पाहिली, तेव्हा तो किंचाळला.

मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून, पाय लोंबकळत ठेवून, घरी नेला. रात्री गरम पाण्याचा शेक आणि तेलाची मालिश. सकाळी गुडघा घागरीसारखा फुगलेला. दुसऱ्या दिवशी एक्स-रे काढला, हाड शाबूत निघालं. "हाड मोडलेलं नाही" याचा घरात अर्थ निघाला "काही झालेलं नाही". नवव्या दिवशीही पाय सरळ होत नव्हता म्हणून अस्थिरोगतज्ज्ञांकडे नेलं. त्यांच्या हाताच्या तपासणीत नडगी पुढे सरकत होती. एमआरआयमध्ये तीन गोष्टी आल्या: एसीएल (गुडघ्याच्या आतलं पुढचं लिगामेंट) पूर्ण फाटलेलं, दोन हाडांमधली आतल्या बाजूची गादी बादलीच्या कडीसारखी सुटून सांध्यात अडकलेली आणि आतल्या बाजूचं लिगामेंट अर्धवट ताणलेलं.

गादी पहिल्याच झटक्यात फाटली नव्हती असं छातीठोकपणे कुणी सांगू शकणार नाही. पण पहिल्या पडण्यानंतर तो पाय पूर्ण सरळ करून चालला होता आणि अडकला तो दुसऱ्या पडण्यानंतर. सगळं प्रकरण या मधल्या आठ मिनिटांचं आहे.

चालता का आलं?

गुडघ्याच्या आत फुलीसारखे एकमेकांना छेदणारे दोन दोर असतात. पुढचा एसीएल, मागचा पीसीएल. आतल्या अंगाला एमसीएल आणि बाहेरच्या अंगाला एलसीएल अशा दोन पट्ट्या असतात. मांडीचं हाड आणि नडगी यांच्यामध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन गाद्या बसलेल्या असतात.

एसीएलचं काम नडगीला पुढे घसरू न देणं आणि तिच्या पिळण्याला आवर घालणं. सरळ चालताना या दोन्हींची फारशी गरज पडत नाही. मांडीचे स्नायू सांधा धरून ठेवतात. शिवाय फाटल्या क्षणीची तीव्र कळ बऱ्याचदा पाच-दहा मिनिटांत उतरते आणि सूज अजून चढलेली नसते. म्हणजे नेमक्या त्याच वेळात, जेव्हा "चालून बघ" म्हटलं जातं, फाटलेला गुडघा चांगल्यासारखा वागतो. जागच्या जागी मारलेली उडीसुद्धा वर-खालीच जाते, तिच्यात वळण नसतं. वळणाची परीक्षा थेट मॅटवर होते, आणि तिथे नडगी पुढे सरकली की मधली गादी चिमटते.

म्हणून चार पावलं चालता येणं ही चाचणी फक्त हाडासाठी उपयोगाची आहे. ओटावा गुडघा नियम म्हणून डॉक्टरांत जी पद्धत प्रचलित आहे, तिच्यात एक्स-रेची गरज ठरवायला पाच गोष्टी पाहतात: वय ५५ किंवा जास्त, फक्त वाटीवर दाबल्यावर दुखणं, गुडघ्याच्या बाहेर खाली जे छोटं हाडाचं टोक लागतं तिथे दुखणं, गुडघा ९० अंश न वाकणं, आणि दुखापतीनंतर लगेच व तपासणीच्या वेळीही चार पावलं न टाकता येणं. यातलं एक जरी असेल तरी एक्स-रे. पण हे नियम लिगामेंटबद्दल काहीच सांगत नाहीत. मैदानावर मात्र या चार पावलांवर खेळाडूला परत पाठवलं जातं.

७.४० ते ७.४५: काय बघायला हवं होतं

खेळाडू जिथे बसला किंवा पडला, तिथेच दोन मिनिटं राहू द्या. पंच वेळ थांबवतात, घाई प्रेक्षकांना असते. ओढून, उचलून, फरफटत बाहेर आणण्यात आधी हरवते ती माहिती आणि मग कधी कधी पायही.

आधी डोळे. गुडघ्याचा आकार दुसऱ्या गुडघ्यासारखा आहे का? वाटी मध्यभागी आहे की बाहेरच्या अंगाला सरकून बसली आहे? नडगी मांडीच्या रेषेत आहे का? रेषा स्पष्टच बिघडलेली असेल तर सांधा निखळला आहे आणि ती खेळाची नाही, पाय वाचवण्याची घटना आहे. गुडघ्यामागून जाणारी मुख्य रक्तवाहिनी अशा वेळी ताणते किंवा फाटते. रक्तपुरवठा सहा ते आठ तासांत सुरू झाला नाही तर पाय गमवावा लागू शकतो. अवघड भाग असा की निखळलेला गुडघा कधी कधी आपोआप जागेवर येतो आणि वरून सगळं ठीक दिसतं. त्यामुळे पावलाची तपासणी प्रत्येक मोठ्या गुडघेदुखापतीत, आकार कसाही असो, करायचीच.

ती अशी. बूट-मोजा काढा. पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठ्याच्या शिरेच्या (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीच्या) किंचित बाहेर, दोन बोटं हलकी टेकवून नाडी शोधा. नाही लागली तर आतल्या घोट्याच्या मागे शोधा. दुसऱ्या पायाशी ताडून बघा, काहींच्यात एक नाडी मुळातच क्षीण असते. अंगठ्याचं नख दाबून सोडा, पांढरेपणा दोन सेकंदांत जायला हवा. अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात स्पर्श कळतो का विचारा. पाऊल वर, नाकाकडे, खेचायला सांगा. हे जमत नसेल तर गुडघ्याच्या बाहेरून वळसा घेणारी नस (मज्जातंतू) दुखावली आहे. नाडी लागत नाही, पाऊल गार किंवा पांढरं, बेचकं बधिर, पाऊल वर खेचता येत नाही: यातलं काहीही दिसलं की थेट १०८ आणि रक्तवाहिन्यांची शस्त्रक्रिया होणारं रुग्णालय. तपासलेली वेळ लिहून ठेवा.

नंतर कान. प्रश्न मोजकेच विचारायचे, पण उत्तर स्वतःच्या शब्दांत येऊ द्यायचं. "लचकलं का?" असं विचारलं की "हो" येतं आणि तिथेच निदान संपतं. त्याऐवजी विचारा: नेमकं काय झालं? आतून आवाज किंवा झटका जाणवला? गुडघ्यावर कुणी आदळलं? जागेवरून सरकल्यासारखं वाटलं? या प्रकरणात पहिल्याच वाक्यात "आतून खट्ट" आलं होतं. पाऊल रोवलेलं, अंग वळलेलं, गुडघ्यावर थेट मार नाही आणि आतून खट्ट. एसीएलसाठी याहून बोलकी साक्ष पहिल्या पाच मिनिटांत मिळत नाही. एसीएलच्या बहुतेक दुखापती अशाच, गुडघ्याला कुणी धक्का न देता, वेग तोडताना, वळताना किंवा उडीवरून उतरताना होतात. टक्कर दिसली नाही म्हणून दुखापत हलकी, हा पंचांपासून पालकांपर्यंत सगळ्यांचा समज उलटा आहे.

शेवटी हात, आणि तोही बेताने. पाठीवर झोपवून सरळ पाय एक वीत उचलायला सांगा. अजिबात उचलता येत नसेल तर वाटीच्या वरची किंवा खालची शीर तुटलेली किंवा वाटी मोडलेली असू शकते. मग सरळ करायला सांगा, स्वतःहून, ओढून नव्हे. जितका होतो तितका होऊ द्या. मग चार ठिकाणी एका बोटाने दाबा: वाटी, वाटीखालचा नडगीचा उंचवटा, आतली सांध्याची रेषा, बाहेरची सांध्याची रेषा. कुठे दुखतं ते लिहा.

नडगी पुढे ओढून पाहण्याची लॅकमन चाचणी, ज्यात गुडघा २०-३० अंश वाकवून एका हाताने मांडी धरतात आणि दुसऱ्याने नडगी पुढे खेचतात, ती प्रशिक्षित फिजिओ किंवा डॉक्टरनेच करायची. सूज चढण्याआधी आणि स्नायू आखडण्याआधीची पहिली काही मिनिटं या चाचणीसाठी सोन्यासारखी असतात. संघाबरोबर फिजिओ असेल तर ती वेळ फवारा मारण्यात घालवू नये. शिकलेलं माणूस नसेल तर व्हिडिओ बघून कुणी नडगी ओढू नये.

सुजेचं घड्याळ

गुडघा किती वेळात फुगला, या एका प्रश्नाच्या उत्तरावर डॉक्टरांचा अर्धा निर्णय ठरतो आणि नेमकं ते उत्तर कुणाला आठवत नाही. दोनेक तासांत टम्म फुगलेला गुडघा म्हणजे आत रक्त साठलं आहे. खेळाडूंमध्ये वळताना झालेल्या दुखापतीनंतर सांध्यात असं रक्त आलं तर साधारण दहापैकी सात जणांत एसीएलला इजा निघते. बाकीच्यांत वाटी सरकून परत आलेली, हाडाचा तुकडा उडालेला किंवा गादी कडेला फाटलेली असते. रात्रभरात हळूहळू आलेली, दुसऱ्या दिवशी कळलेली सूज बहुधा सांध्याच्या पाण्याची, एकट्या गादीच्या दुखापतीत दिसते तशी.

या मुलाच्या बाबतीत सूज किती वाजता आली हे कुणीच पाहिलं नाही, कारण वर बँडेज होतं आणि त्यावर शेक चालू होता.

कुठलं लिगामेंट?

मैदानावर नाव ठरवण्याची गरज नसते, पण कोणत्या घटनेतून काय होतं हे ठाऊक असलं तर सांगणाऱ्याचं ऐकणं नेमकं होतं.

मांडी पकडीत बाहेरून गुडघ्यावर अंग आदळलं आणि गुडघा आत मोडला, तर एमसीएल. दुखणं आतल्या अंगाला बोट ठेवून दाखवता येतं आणि सूज तिथेच राहते. हे लिगामेंट बहुतेकदा शस्त्रक्रियेविना, बिजागरीच्या ब्रेसमध्ये भरून येतं. हलकं ताणलेलं एक-दोन आठवड्यांत, पूर्ण फाटलेलं सहा ते आठ आठवड्यांत किंवा जास्त. आतून मार बसून गुडघा बाहेर वाकला तर एलसीएल. तो एकटा क्वचितच फाटतो आणि शेजारची नस सोबत जाते, म्हणून पाऊल वर खेचण्याची चाचणी तिथे चुकवू नये.

चढाईपटूला खेचून पाडताना तो वाकलेल्या गुडघ्यावर नडगी आपटून पडला तर पीसीएल. हे फसवं आहे: सूज थोडी, दुखणं गुडघ्यामागे, जिना उतरताना खुपतं आणि खेळाडू आठवडाभर "मुका मार" म्हणून खेळत राहतो.

एसीएलचा सगळ्यात जवळचा सोंगाड्या म्हणजे सरकलेली वाटी. पाऊल रोवणं तेच, वळणं तेच, रक्ताची सूजही तीच. फरक असा की दुखणं वाटीच्या आतल्या कडेला असतं आणि वाटी बाहेर ढकलायला गेलात की खेळाडू हात धरतो. वाटी अजून बाहेरच असेल तर ती जोराने किंवा झटक्याने बसवायची नाही. वाकलेल्या अवस्थेतच आधार द्यायचा.

शालेय स्पर्धांत वेगळं भान हवं. आठ ते चौदा वर्षांच्या मुलांत लिगामेंटपेक्षा हाडाचं टोक कच्चं असतं. एसीएल शाबूत राहून ते जिथे नडगीला चिकटतं तो हाडाचा तुकडाच उपटून निघतो. त्यामुळे या वयात गुडघा लगेच फुगला तर "मुलांची हाडं मऊ असतात" म्हणत न थांबता त्याच दिवशी एक्स-रे.

प्रथमोपचार, तपशिलात

पहिली गोष्ट म्हणजे निर्णय. आतून खट्ट, सरकल्याची जाणीव, पाय पूर्ण सरळ न होणं, चार पावलं न टाकता येणं किंवा दोन तासांत सूज. यातलं एक जरी असेल तर त्या दिवशी खेळ संपला. हा निर्णय खेळाडूने घ्यायचा नसतो, तो नेहमी "जमेल" म्हणतो. बाद फेरीचा सामना असेल तर प्रशिक्षकानेही एकट्याने घेऊ नये. सामन्याआधीच ठरलेल्या माणसाकडे तो असावा.

बर्फ. गोळेवाल्याकडचा किसलेला बर्फ याला उत्तम, कारण तो गुडघ्याच्या आकाराला बसतो. जाड प्लॅस्टिक पिशवीत साधारण अर्धा किलो बर्फ आणि पेलाभर पाणी घालून हवा काढून गाठ मारायची. त्वचेवर ओला पंचा, त्यावर पिशवी. १५ ते २० मिनिटं, मग दर दोन तासांनी, पहिले ४८ तास. बर्फ थेट कातडीवर नको. बर्फात मीठ मुळीच नको, मीठ घातलं की तापमान शून्याखाली जातं आणि कातडी पोळते. पिशवी गुडघ्याच्या बाहेर खालच्या अंगाला एकाच जागी दाबून ठेवू नका, पाऊल उचलणारी नस तिथे कातडीच्या अगदी खाली असते. या प्रकरणात वापरलेला फवारा फक्त कातडी बधिर करतो, सांध्यापर्यंत त्याचा गारवा पोचत नाही. त्याने झालं एवढंच की खेळाडूला कळ जाणवेनाशी झाली.

बर्फाबद्दल आता पूर्वीइतकं एकमत उरलेलं नाही, हेही सांगायला हवं. १९७८ साली अमेरिकी डॉक्टर गेब मिर्किन यांनी विश्रांती, बर्फ, दाब, उंची हे चौकडीचं सूत्र दिलं आणि पुढे त्यांनीच बर्फाबाबतचं मत बदललं. बर्फाने लिगामेंट लवकर भरतं असा पुरावा नाही. पण पहिल्या दिवशी दुखणं कमी करायला तो स्वस्त आणि निर्धोक आहे, आणि गोळ्या कमी लागतात. तेवढ्यासाठी वापरावा. आठवडाभर लावत बसण्यात मात्र अर्थ नाही.

क्रेप बँडेज सहा इंची, म्हणजे १५ सेंटिमीटर रुंदीचं. पोटरीच्या मध्यापासून सुरुवात करून वर मांडीच्या मध्यापर्यंत, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याच्या अर्ध्यावर, गुडघ्याशी इंग्रजी आठच्या आकारात. खाली जरा घट्ट, वर सैल. फक्त गुडघ्याभोवती गुंडाळलं तर पोटरी आणि पाऊल सुजतं, इथे तेच झालं होतं. दहा मिनिटांनी बोटांचा रंग बघायचा, मुंग्या आल्या तर सोडून पुन्हा बांधायचं. रात्री झोपताना काढायचं. आणि एक लक्षात असू द्या: क्रेप बँडेजने सूज आवरते, सांधा स्थिर होत नाही. ते बांधून खेळायला पाठवणं म्हणजे फाटलेल्या पोत्याला सुतळीऐवजी रिबीन बांधणं.

आधार. हाड, निखळणं किंवा अडकलेला गुडघा यांची शंका असेल तर पाय ज्या कोनात आरामात आहे त्याच कोनात बांधायचा. मांडीच्या वरच्या टोकापासून टाचेपर्यंत पुरेल अशी लांब पट्टी लागते. तयार नी-इमोबिलायझर (गुडघा हलू न देणारा पट्टा) नसेल तर खोक्याचा जाड पुठ्ठा तिहेरी दुमडून पन्हळ करा, आत टॉवेल घाला, गुडघ्याखाली छोटी गुंडाळी ठेवा. चार बंध: मांडीवर दोन, पोटरीवर एक, घोट्यावर एक. थेट गुडघ्यावर बंध नको. बांधण्याआधी पावलाची नाडी पाहिली तशी बांधल्यावर पुन्हा पाहा.

उंची. पाय हृदयाच्या पातळीच्या वर, उशा पोटरी आणि टाचेखाली. फक्त गुडघ्याखाली उशी ठेवली की बरं वाटतं, पण गुडघा वाकलेलाच राहतो आणि दोन आठवड्यांनी सरळ करणं ही वेगळीच लढाई होते. गुडघा अडकलेला असेल तर मात्र आहे त्या कोनातच आधार द्यायचा.

नेणं. मागच्या लांब सीटवर आडवं, पाय सरळ ठेवून, अडकलेला असेल तर आहे त्या कोनात. मोटारसायकल नको. काखेत धरून चालवत न्यायचं असेल तर दुखरा पाय पूर्ण अधांतरी.

गोळी. प्रौढ, ५० किलोच्या वरच्या खेळाडूला पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅमच्या एक किंवा दोन, सहा तासांच्या अंतराने, दिवसात चार ग्रॅमच्या आत. अ‍ॅस्पिरिन नको, रक्तस्राव वाढतो. आणि शस्त्रक्रियेची शक्यता दिसत असेल, म्हणजे निखळलेला सांधा किंवा मोडलेलं हाड, तर पोटात पाणीसुद्धा घालण्याआधी डॉक्टरांना विचारायचं.

शेक, मालिश आणि "नस बसवणं"

पहिल्या ७२ तासांत शेक, तेलमालिश, दारू आणि धावणं या चारही गोष्टींनी सांध्यातलं रक्त वाढतं. या मुलाचा गुडघा रात्रीत घागरीएवढा झाला त्यात दुखापतीचा वाटा होता तसा शेकाचाही होता. आंबेहळदीचा लेप त्या मानाने निरुपद्रवी, फक्त त्याखाली सूज आणि रंग दिसत नाही आणि काहींची कातडी उतते. हाडवैद्याचा झटका ही मात्र वेगळी गोष्ट आहे. अडकलेला गुडघा झटक्याने सरळ करणं म्हणजे सांध्यात अडकलेल्या गादीवर दरवाजा आपटून बंद करणं. इथे टाच ओढणाऱ्या मित्राने तेच केलं होतं, प्रेमाने.

घरच्यांनी पहिल्या रात्री काय बघायचं, हे त्यांना सांगूनच पाठवावं. पोटरी दगडासारखी ताठ होणं आणि गोळीनेही न थांबणारी, वाढत जाणारी कळ. पावलाच्या बोटांना मुंग्या किंवा बधिरपणा. पाऊल गार पडणं. यातलं काही झालं तर सकाळची वाट पाहायची नाही.

एक्स-रे नंतर

एक्स-रेमध्ये लिगामेंट दिसत नाही, गादी दिसत नाही. तो काढायचा हाडासाठी. कधी कधी नडगीच्या बाहेरच्या कडेला उडालेली बारीक हाडाची चिप दिसते. ती दिसली की एसीएल गेलं असल्याची दाट शंका धरायची. चिप नसली म्हणून एसीएल शाबूत ठरत नाही.

सुजलेल्या, आखडलेल्या गुडघ्याची पहिल्या रात्रीची तपासणी अपुरी असते, म्हणून पाच ते दहा दिवसांनी पुन्हा तपासणी ठरलेली हवी. एमआरआय त्याच रात्री काढायची गरज सहसा नसते. अपवाद अडकलेल्या गुडघ्याचा. इथे नऊ दिवस गेले ते याच कारणाने महागात पडले, कारण सांध्यात अडकलेली गादी जितकी जास्त चिरडते तितकी शिवून ठेवण्याजोगी उरत नाही आणि मग कापून काढावी लागते. विशीतल्या मुलाची गादी काढणं म्हणजे पुढे लवकर झिजणाऱ्या सांध्याला आमंत्रण.

एकट्या एसीएलसाठी मात्र घाई नसते. प्रत्येक फाटलेल्या एसीएलला शस्त्रक्रिया लागतेच असंही नाही. वळणाचे खेळ सोडणाऱ्या माणसाचं नुसत्या व्यायामावर भागू शकतं. कबड्डी खेळायची असेल तर बहुधा नवं लिगामेंट बसवावं लागतं, मांडीमागच्या शिरा किंवा वाटीखालच्या शिरेचा तुकडा घेऊन. त्याआधी सूज उतरलेली, गुडघा पूर्ण सरळ होणारा आणि मांडी जागी झालेली हवी. नाहीतर सांधा ताठरतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून, डॉक्टरांनी मना केलं नसेल तर, घोटा वर-खाली हलवणं आणि गुडघा खाली दाबत मांडी आवळून पाच सेकंद धरणं, दहा-दहाचे तीन फेरे, एवढं घरी सुरू करता येतं.

परत खेळायला किमान नऊ महिने, आणि तेही दिनदर्शिकेवर नाही. मांडीची ताकद चांगल्या पायाच्या ९० टक्क्यांच्या वर आली, एका पायावरच्या उड्यांचं अंतर जुळलं, वळणं बिनधास्त झाली, तर. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये कुस्तीगीर विनेश फोगाट उपांत्यपूर्व लढतीत गुडघा दुखावून स्ट्रेचरवरून बाहेर गेल्या होत्या. शस्त्रक्रिया, व्यायाम आणि वेळ देऊन २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत त्यांनी सुवर्ण जिंकलं. गुडघा गेला म्हणजे खेळ संपला, असं म्हणणाऱ्या घरांत हे सांगायला हरकत नाही.

आयोजकांच्या पेटीत

दोन मैदानांच्या स्पर्धेला: सहा इंची क्रेप बँडेज चार, त्रिकोणी पट्ट्या सहा, लांब नी-इमोबिलायझर एक, कुबड्यांची जोडी एक, घडीचं स्ट्रेचर एक, जाड पिशव्या दहा, शीतपेटीत पाच किलो किसलेला बर्फ (खेळाडूंच्या पाण्याच्या बर्फापासून वेगळा), दोन पंचे, कात्री, जवळच्या रक्तवाहिनी-शल्यविभागाचा फोन लिहिलेला कागद. फवाऱ्याचे डबे सगळ्या स्पर्धांत सापडतात. पेन आणि चिठ्ठ्यांचं पुडकं क्वचितच, आणि डॉक्टरांच्या सगळ्यात जास्त कामाला येतं ते तेच. या मुलाच्या खिशात त्या रात्री अशी चिठ्ठी असायला हवी होती:

"उजवा गुडघा. वेळ ७.४०, मॅट, बूट घातलेले. पाऊल पकडीत, अंग वळलं, गुडघ्यावर मार नाही. स्वतः म्हणाला: आतून खट्ट. पावलाची नाडी लागते, बेचक्यात स्पर्श आहे, पाऊल वर येतं, ७.४३. पाय सरळ उचलतो, पूर्ण सरळ होतो. चार पावलं टाकली. दाबल्यावर आतल्या रेषेवर दुखतं. बर्फ ७.५० ते ८.१०. सूज ८.५५ ला स्पष्ट. पॅरासिटामॉल १ ग्रॅम, ८.१५. परत खेळवलेला नाही."